पान एकशे बारा ते एकशे पंधरा

पारोळा,
बुधवार, दि. ९ एप्रिल २०२५

ती. भाऊस,

दिपमालाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे मजेत. तिकडची खुशाली विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते, नाहीतर आई रोज दुपारी वहिनींच्या फोनवरून मला धुळ्याची बित्तंबातमी देतच असते. काल म्हणाली, "तुन्हा भाऊ रिटायर व्हयना तवयपाशीन नुसता बशी राहस. लिखस नही, पढस नही. तू चिठ्ठी धाड त्याले. फोन उचलाव नही तो, पन चिठ्ठी वाची."

म्हणून हे पत्र. सहा वर्षांत माझा एकही फोन तू उचलला नाहीस. मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतोस. उत्तर मात्र नाही. पण माझं अक्षर तू टाकून देणार नाहीस. तुझ्या 'बोरीपल्याड' कादंबरीची अख्खी चारशे पानं याच अक्षरात छापखान्यात गेली. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. टाइप करणाऱ्यानं हात जोडले, तेव्हा तू वह्यांची पिशवी माझ्या दारात आणून ठेवलीस आणि म्हणालास, "माला, एवढी प्रत करून दे." चार महिने लागले होते मला. भाकरी टाकता टाकता तुझी वाक्यं तोंडपाठ व्हायची.

असो. त्या पुस्तकाकडे मी येणार आहेच. आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे पत्र अर्धं वाचून ठेवलंस तरी तेवढं कळेल. रविवारी २७ तारखेला संध्याकाळी साडेपाचला आमच्या वाचनालयात एका लेखिकेची मुलाखत आहे. तिचं पहिलंच पुस्तक आहे. ती मुलाखत तू घ्यावीस अशी माझी विनंती आहे.

एरवी प्रश्न मीच विचारते. वर्षभर हा कार्यक्रम चालू आहे, नाव 'समोरासमोर'. स्टेजवर दोन खुर्च्या, एकीवर लेखक, दुसरीवर ग्रंथपाल म्हणून मी. भाषण नाही, शाल नाही. लिहिता कसं, एवढंच विचारायचं. अध्यक्ष नथ्थूआबा म्हणाले होते, "बाई, पंधरा माणसं आली तरी देव पावला म्हणा." पहिल्याच दिवशी सतरंज्या कमी पडल्या आणि आबा स्वतः शेजारच्या मंगल कार्यालयातून गाद्या आणायला पळाले.

तुला आवडलं असतं रे हे सगळं. एरंडोलचे रतिलालनाना आले होते, ते साठ-सत्तर रहस्यकथा लिहिणारे. तू त्यांना 'बसस्टँडवरचे लेखक' म्हणायचास. मी विचारलं, "खुनी आधी ठरवता का?" तर म्हणाले, "छे. आधी खोटं कोण बोलतंय ते ठरवतो. खरं बोलणाऱ्याला तपशील लागत नाहीत, खोटं बोलणाऱ्याला फार लागतात. तो पंख्याचा रंगसुद्धा सांगतो." मी ते वहीत लिहून घेतलं. गेले दोन महिने घरात कोणी उशीर झाल्याची कारणं द्यायला लागलं की मी पंख्याचा रंग विचारते.

पिंपळनेरच्या रूपालीबाई मुलांच्या गोष्टी लिहितात, शाळेत शिकवतात. त्यांची रीत ऐक. गोष्ट वर्गात वाचायची आणि पहिलं पोर जिथे "बाई, लघवीला जाऊ?" म्हणून उठेल तिथे कागदावर रेघ मारायची. रेघेच्या वरचा परिच्छेद घरी जाऊन कापायचा. म्हणाल्या, "माझा समीक्षक साडेसहा वर्षांचा आहे आणि त्याला भीड नाही." हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र तुझ्या कादंबरीतलं तलाठ्याच्या कचेरीचं प्रकरण आठवलं. तिथे सबंध वर्ग उठून गेला असता. रागावू नकोस, प्रत करताना मीच तीनदा उठले होते.

जळगावचे नाटकवाले नवीन सर, नवीन हे त्यांचं नाव, म्हणाले की चांगल्या संवादात विचारलेल्या प्रश्नाला कोणी सरळ उत्तर देत नाही. नवरा विचारतो, "जेवायला काय आहे?" आणि बायको म्हणते, "तुमच्या बहिणीचा फोन आला होता." झालं, नाटक सुरू.

या सगळ्यांना मी एक प्रश्न हटकून विचारते. "तुमच्या लिखाणाला कधी दुसऱ्याचा हात लागला का?" रतिलालनाना म्हणाले, जुन्या काळी छापखान्यात मगन नावाचा खिळे जुळवणारा होता, त्यानं पानात जागा उरली नाही म्हणून शेवटचा परिच्छेदच गाळला. खुनी कोण ते छापलंच गेलं नाही. वाचकांची दोनशे पत्रं आली आणि तीच कथा सगळ्यांत गाजली. रूपालीबाई म्हणाल्या, मुलं शेवट बदलून सांगतात, मी तोच ठेवते. नवीन सर म्हणाले, "एका नटीनं माझं एक वाक्य तालमीत बदललं. मी तिच्यावर ओरडलो. प्रयोगात टाळ्या त्याच वाक्याला पडल्या. पुस्तक छापताना मी तिचं वाक्य ठेवलं आणि तिचं नाव ठेवलं नाही. याची मला लाज वाटते." माझा पुढचा प्रश्न मी विसरले. पाणी प्यायला खाली वाकले ती जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

भाऊ, तुला कळलंच असेल हा प्रश्न मी का विचारते.

आता सरळच लिहिते. जळगावच्या त्या पुरस्कारसमारंभात वक्ते म्हणाले की पान एकशे बारा ते एकशे पंधरा, अक्षय्यतृतीयेचा, आपल्या आखाजीच्या बाराचा प्रसंग, या चार पानांसाठी ही कादंबरी राहील. तू हसत हसत घरी गेलास, आपली मूळ वही काढलीस, आणि तुला दिसलं की पहिलं वाक्य तुझं आहे, शेवटचं तुझं आहे आणि मधलं सगळं माझं. त्यानंतर आजतागायत तू माझ्याशी बोललेला नाहीस. पुढची कादंबरीही लिहिली नाहीस.

मी ते का केलं हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगायचं राहिलं. तू तो प्रसंग बांधावरून लिहिला होतास. साहजिकच आहे, बार खेळताना पुरुषांना तिथेच उभं राहावं लागतं. नदीच्या कोरड्या पात्रात अलीकडच्या गावच्या बाया आणि पलीकडच्या गावच्या बाया समोरासमोर उभ्या राहून गाण्यांतून एकमेकींच्या सात पिढ्या काढतात, तेवढंच लांबून ऐकू येतं. तुझ्या वहीत एक सासुरवाशीण ती गाणी ऐकून रडत घरी जाते आणि दोन गावांत वैर पडतं. अरे, असं कधी होत नाही! मी नऊ वर्षांची असल्यापासून त्या वाळूत उभी आहे. शिव्या संपल्या की त्याच बाया घसा खाकरून पलीकडे हाक मारतात, "वं माय, तुन्ही पोर वनी का माहेरले?" वैर घरी न्यायचं नसतं, म्हणूनच तर ते वर्षातून एकदा नदीत नेऊन मोकळं करायचं. ते वाक्य प्रत करताना माझा हात चालेना. दोन दिवस वही मिटून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी बसले आणि एका बैठकीत चार पानं लिहिली. तुला सांगायचं ठरवलं होतं. मग प्रकाशकाची घाई, मग तुझा आनंद, मग पुरस्कार. दर वेळी वाटलं, आज नको.

तुला न सांगता केलं, त्याची मी पाय धरून माफी मागते. ते चुकलंच. पण ती चार पानं लिहिली त्याची माफी मागणार नाही. ती चांगली आहेत.

हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली, भाऊ.

सहा आखाज्या झाल्या, धुळ्याहून मला न्यायला मुऱ्हाळी आला नाही. दर वर्षी सासूबाई दाराकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघायचं टाळतात. आणि या सहा वर्षांत मी काय केलं, तर दुपारी वाचनालय बंद असतं तेव्हा लिहीत बसले. नऊ कथा झाल्या. धुळ्याच्याच एका छोट्या प्रकाशकानं छापल्या. नाव आहे 'झोका उतरवताना'. पुस्तकं मागच्या सोमवारी आली. वरती माझं नाव आहे, दिपमाला, चांगलं ठळक. मी खोकं फोडलं आणि रजिस्टरला नोंद करायच्या आधी पुस्तक छातीशी धरून उभी राहिले. नथ्थूआबा म्हणाले, "बाई, ग्रंथपालानं पुस्तकं द्यायची का लिहायची?" म्हटलं, "आबा, दोन्ही."

तर २७ तारखेची लेखिका मी आहे.

समितीनं विचारलं, समोर कोण बसणार? रतिलालनाना आनंदानं यायला तयार आहेत. मी सांगितलं, माझ्या भावाला बोलावलंय, तो आला नाही तर ती खुर्ची रिकामी राहू द्या. आबा म्हणाले, शोभणार नाही. न शोभू दे.

वाटतील ते प्रश्न विचार. मला कोणत्याही प्रश्नाची भीती नाही. तू आलाच नाहीस तर, तेवढी एक भीती आहे.

आईला नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझ्या वह्यांची प्रत करणारी,
माला


पारोळा,
सोमवार, दि. २८ एप्रिल २०२५

ती. भाऊस,

साष्टांग नमस्कार. तू सुखरूप पोचलास हे आईकडून कळलं. "वना, जेवना, आनि गाना म्हनी राहिना," असा तिचा अहवाल आहे. कोणतं गाणं ते तिनं सांगितलं नाही.

काल तू तिथेच होतास, मग मी तुला कालचं का लिहितेय? कारण तू तुझ्या खुर्चीवरून पाहिलंस. माझ्या खुर्चीवरून कसं दिसलं ते तुला कोण सांगणार?

साडेपाच वाजता खुर्ची रिकामी होती. पावणेसहा, तरी रिकामी. ऊन कलायला तयार नव्हतं, दोन्ही कूलर घरघर करत होते आणि सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आखाजी तीन दिवसांवर, त्यामुळे माहेरी आलेल्या मुली आयांना घेऊन आल्या होत्या. पुढच्या रांगेत रतिलालनाना इस्त्रीचा सदरा घालून, वेळ आली तर उठायच्या तयारीत. आबा तीनदा माझ्या कानाशी येऊन गेले. शेवटी मी माइक घेतला आणि म्हटलं, "प्रश्न विचारणारे येईपर्यंत मी वाचते." पहिल्या कथेचं दुसरं पान वाचत होते तेव्हा मागच्या बाजूला माणसं सरकायला लागली. मी मान वर केली नाही. वाटलं, कोणीतरी उठून चाललंय, रूपालीबाईंच्या वर्गासारखं.

मग तुझ्या चपलांचा आवाज आला. लहानपणापासून तू डावा पाय घासत चालतोस. मी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. खांद्याची पिशवी खुर्चीखाली ठेवलीस, घाम पुसलास, पिशवीतून 'बोरीपल्याड' काढलीस आणि माइक हातात घेतलास. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. पस्तीस वर्षं पोरांना वर्गात उभं केलंस तोच आवाज.

"पान एकशे बारा ते एकशे पंधरा. ही पानं कोणी लिहिली?"

त्या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी तुझी कादंबरी वाचलेली, आमच्याकडे तिच्या सहा प्रती आहेत. मला एकदा वाटलं, म्हणावं, आपण दोघांनी. ते सोपं होतं. मग म्हटलं, "मी."

"मला विचारलं होतंस?"

"नाही."

"का नाही?"

"तू नको म्हणाला असतास."

लोक हसले. तूही हसशील असं वाटलं, पण तू पान उलटलंस. "ही पानं चांगली आहेत, हे तुला केव्हा कळलं? जळगावला वक्ते बोलले तेव्हा?"

"नाही," मी म्हटलं. "लिहितानाच कळलं."

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस. मग लोकांकडे वळलास आणि म्हणालास, "मला कळायला सहा वर्षं लागली." एवढंच. आणि मग त्या टाळ्या! बायकांच्या बाजूनं ताईबाई उभ्या राहिल्या, त्या वाणीगल्लीतल्या, वाचनालयात फक्त वर्तमानपत्र वाचायला येतात त्या, आणि ओरडल्या, "बाई, बठ्ठं सांगी टाक आते! दबू नको!"

मी दबले नाही, सगळं सांगून टाकलं. तूच पाहिलंस. तासभर तू विचारत होतास आणि मी सांगत होते. माणसाचं बोलणं कानात कसं धरून ठेवतेस? रागाचा प्रसंग लिहिताना स्वतः रागावतेस का? कथा कुठे संपली हे कसं ठरवतेस? वर्षभर मीच दुसऱ्यांना हे विचारलं होतं, आणि मला माझी उत्तरं ठाऊक आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. मी म्हणाले ना, की माणूस काय म्हणाला ते नंतर लिहायचं, म्हणताना त्याच्या हातात काय होतं ते आधी लिहायचं; हातात घमेलं असलं तर वाक्य लहान होतं. तू मान हलवून ते पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलंस. ज्ञानेश्वर सरांनी माझं वाक्य लिहून घेतलं! सगळ्या पारोळ्यानं पाहिलं. रतिलालनाना शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होते.

इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. हे आमच्या घरी बोलू नकोस.

पण तू पळालास. आबा आभार मानत होते, माझ्याभोवती सह्या घेणाऱ्या मुली जमल्या होत्या, आणि मी पाहते तर खुर्ची रिकामी. आबा म्हणाले, धुळ्याची गाडी लागली होती म्हणून गेले. मला तुझ्या पाया पडायचं होतं. तू रडत होतास म्हणून गेलास, आईनं सांगितलं. त्यात लपवायचं काय होतं?

खुर्चीखाली पिशवी राहिली होती. आधी वाटलं, विसरलास. मग आतली चिठ्ठी वाचली. तीनच ओळी, मुंग्यांची वरात: "माला, यंदा मुऱ्हाळी म्हणून ही वही पाठवतोय. प्रत करू नकोस, वाच. 'बोरीपल्याड'च्या नव्या आवृत्तीत त्या चार पानांखाली तुझं नाव छापायला सांगितलंय."

छाप. मी नको म्हणणार नाही. नको म्हणायची सवय आता मोडली.

आणि भाऊ, वही! आई म्हणते तू काही लिहीत नाहीस, आणि इथे अठ्ठेचाळीस पानं. पहिल्या पानावर तू नेहमीसारखी तारीख घातली आहेस, ११ एप्रिल. माझं पत्र तुला ११ तारखेला मिळालं होतं, आईनं त्याच दुपारी फोन करून सांगितलं होतं. मी ती तारीख कितीतरी वेळ पाहत बसले. मग वाचायला घेतलं आणि सकाळचा चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. एकदाही उठले नाही. असं तू कधीच लिहिलं नव्हतंस. 'बोरीपल्याड'मध्येसुद्धा नाही.

फक्त पान एकतीस. तुझी नायिका आखाजीला मांडे करते आणि पोळपाटावर लाटून लाटून मांडा मोठा करते. अरे, तो पोळपाटावर मावेल कसा? तो शेवटी हातांवर झेलून पसरवायचा आणि मग खापरावर टाकायचा, कोपरापर्यंत पीठ लागतं. तू साठ वर्षं मांडे खाल्लेस, एकदा तरी चुलीकडे बघायचंस.

मी एक अक्षरही बदललेलं नाही. समासात शिसपेन्सिलीनं फुली केली आहे आणि खाली माझी सही. बदलायचं की नाही ते तू ठरव. वही परवा, बुधवारी, मी स्वतः घेऊन येते, सकाळच्या गाडीनं. आईला सांग खापर घासून ठेवायला. तू चुलीसमोर पाट मांडून बस, मी मांडा कसा करतात ते दाखवते. मग पान एकतीस लिही.

पेन्सिलीनं, आणि माझ्या नावानं,
दिपमाला